वणवा गांवांत शिरतो तेव्हां

आगीविषयींचा उपदेश आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दिवा मालवल्याखेरीज निजूं नये, चुलींतील निखारा झांकून ठेवावा, लहान मुलाच्या हातीं काड्यांची पेटी लागूं देऊं नये, हीं वाक्यें ज्या घरांत कधीं ऐकूं आलीं नाहींत असें घर विरळा. परंतु या सर्व उपदेशाच्या मुळाशीं एक समजूत आहे. ती अशी कीं, आग ही घरांतच लागते आणि ती विझवावयाची असते. आग बाहेरून चालून येते, ती विझविणें घरांतील कोणाच्याहि हातचें नसतें, आणि तिच्यापुढें वेळेवर घर सोडणें एवढें एकच कर्तव्य उरतें, ही गोष्ट आपल्या संस्कारांत नाहीं. उलट, संकटकाळीं घर सोडणें यांत आपल्याला थोडी लाजच वाटते. म्हणूनच या महिन्याच्या सदरांत आम्ही हा विषय घेतला आहे.

विषय दूरदेशींचा आहे, हें खरें. ज्या आगींविषयीं आम्ही लिहिणार आहों त्या अमेरिकेंतील व कॅनडांतील आहेत. परंतु आमच्या वाचककुटुंबांपैकीं कितीएकांचे मुलगे, मुली, सुना आणि जांवई आज कॅलिफोर्नियांत संसार थाटून आहेत, आणि त्यांचे आईबाप तीन-चार महिने, क्वचित् सहा महिनेहि, त्यांच्याकडे जाऊन राहतात. दिवसा मुलगा व सून कामावर, नातवंडें शाळेंत, आणि त्या प्रशस्त घरांत आजीआजोबा दोघेंच, हा तेथील नित्याचा क्रम. गाडी चालवितां येत नाहीं, शेजाऱ्याचें नांव ठाऊक नाहीं, आणि हातांतील फोनचा क्रमांक पुण्याचा. अशा घराकडे भर दुपारीं वणवा येऊं लागला, तर काय करावें? हा प्रश्न कोणास भिवविण्यासाठीं आम्ही विचारीत नाहीं. तो आज शांतपणें विचारला तर त्याला उत्तर आहे. त्या दुपारीं विचारला तर बहुधा नसतें, एवढ्याचसाठीं विचारीत आहों.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागांत, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पायथ्याच्या एका उंच धारेवर, खोल दऱ्यांच्या मध्यें पॅराडाइज नांवाचें गांव आहे. नांवाचा अर्थ नंदनवन. भोंवतीं पाइनचीं उंच झाडें, हवा चांगली, घरांच्या किंमती त्या प्रांताच्या मानानें माफक. त्यामुळें नोकरींतून निवृत्त झालेलीं पुष्कळ माणसें तेथें येऊन स्थायिक झालीं होतीं. लोकवस्ती सुमारें २६ हजार. ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं पहांटे या गांवापासून सुमारें सात मैलांवर, फेदर नदीच्या दरींत, वीज वाहून नेणाऱ्या एका मनोऱ्यावरील लोखंडी आंकडी तुटली. ती शंभरीस टेकलेली होती आणि झिजून गेली होती. तार खालीं आली, ठिणग्या पडल्या. वसंत ऋतूनंतर तेथें म्हणण्यासारखा पाऊस झाला नव्हता, आणि त्या सकाळीं ईशान्येकडून सोसाट्याचा कोरडा वारा सुटला होता. साडेसहाच्या सुमारास आग दिसली. आठ वाजण्याच्या सुमारास पॅराडाइजमध्यें घरें पेटूं लागलीं होतीं. या वणव्यांत ८५ माणसें दगावलीं आणि १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज-कंपनीनें पुढें २०२० सालीं ८४ मनुष्यवधांचा आरोप न्यायालयांत कबूल केला.

दीड तासांत सात मैल हें आगीचें चालणें नव्हे. वणवा म्हणजे ज्वाळांची एक भिंत सरकत सरकत येते, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें. वस्तुतः पुढें धांवतात त्या ठिणग्या. जळत्या सालींचे, पानांचे, फांद्यांचे तुकडे वाऱ्यावर मैल-मैल उडत जातात, आणि पन्हाळींत सांचलेल्या पाचोळ्यावर, लांकडी ओट्याच्या खालीं, किंवा माळ्याच्या झरोक्यांतून आंत पडतात. अमेरिकेंतील बहुतेक घरांचा सांगाडा लांकडी. एक घर पेटलें कीं तेंच शेजारच्या घराचें सरपण होतें. मग जळतें तें जंगल नव्हे, गांवच जळतें. पॅराडाइजमध्यें कित्येक ठिकाणीं घरांची राख झाली आणि त्यांच्या मधलीं झाडें मात्र उभीं राहिलीं, याचें कारण हेंच.

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. पॅराडाइजचे लोक गाफील नव्हते. २००८ सालच्या वणव्यांत रस्ते तुंबल्याचा अनुभव त्यांनीं घेतला होता. त्यानंतर गांवाचे १४ विभाग पाडण्यांत आले होते आणि कोणीं कोणत्या मार्गानें बाहेर पडावें याचे नकाशे तयार होते. स्कायवे नांवाच्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजू प्रसंगीं उताराच्या एकाच दिशेस मोकळ्या करावयाच्या, अशी योजना होती. तिची तालीमहि झाली होती. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांची ही कथा नव्हे. विहीर खणलेली होती. पोहरा पाण्यापर्यंत पोंचण्यास अवधि मिळाला नाहीं. कारण योजनेच्या पोटांत एक गृहीत गोष्ट होती, ती अशी कीं, आग एका बाजूनें येईल, एकेका विभागास शिवत येईल, आणि गांव पाळीपाळीनें रिकामें करतां येईल. ठिणग्यांनीं ही समजूत तासाभरांत खोटी ठरविली. आग एकाच वेळीं अनेक ठिकाणीं लागली, आणि सगळें गांव एकाच वेळीं रस्त्यावर आलें. बाहेर पडण्याचे रस्ते मोजके. त्यांतील कांहीं ज्वाळांनीं अडविले. मिनिटांची वाट तासांची झाली. घर सोडण्याची सूचना फोनवर मिळावी म्हणून आधीं नांव नोंदवून ठेवावें लागे. पुष्कळांनीं तें नोंदविलेलें नव्हतें. ज्यांनीं नोंदविलें होतें त्यांपैकींहि कित्येकांस सूचना पोंचली नाहीं.

मरण पावलेल्या ८५ जणांत बहुसंख्य माणसें पासष्टीच्या पुढचीं होतीं. कांहीं रस्त्यावर गाडींत सांपडलीं. परंतु बहुतेक आपल्या घरांत किंवा घराच्या अवतींभोंवतीं गेलीं. हा तपशील आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करितो. मृत्यूनें त्या दिवशीं उतावळ्यांस गांठलें नाहीं. त्यानें मंद चालणारांस गांठलें. कोणाचे गुडघे धरलेले, कोणाच्या नाकाला प्राणवायूची नळी, कोणाला ऐकूं कमी येई, कोणाजवळ गाडी नव्हती, आणि कित्येकांजवळ हांक मारणारें दुसरें माणूसच नव्हतें. कोणत्याहि गांवांतील वृद्धांची हीच स्थिति असते. पॅराडाइजच्या वृद्धांत वेगळें असें कांहीं नव्हतें.

त्याच सकाळीं त्याच रस्त्यांवर एक शाळेची मोटार होती. तींत २२ मुलें, दोन शिक्षिका आणि त्या नोकरीवर नव्यानेंच लागलेला एक चालक. मुलांचे आईबाप शाळेपर्यंत पोंचूं शकले नव्हते. धुरानें दिवसाची रात्र झाली होती. चालकानें पहिल्याप्रथम कोणतें काम करविलें असेल? मुलांची नांवें कागदावर लिहवून घेतलीं, आणि मोठ्या मुलांच्या शेजारीं लहान मुलें बसविलीं. धूर असह्य झाला तेव्हां त्यानें आपल्या अंगांतील सदऱ्याचे तुकडे केले. तुटपुंज्या पाण्यांत ते भिजवून मुलांनीं नाकातोंडाशीं धरले. सुमारें पांच तास ती मोटार रखडत चालली, आणि सर्व मुलें सुखरूप बाहेर आलीं. मोजणी, आणि मोठ्याच्या हातीं लहान, या दोन गोष्टींत जत्रेला जाणाऱ्या आपल्या कोणत्याहि मोठ्या कुटुंबास नवें असें कांहीं नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, घराबाहेरच्या माणसांनीं हें घरच्याप्रमाणें केलें, आणि म्हणून बावीस घरें बसतां बसतां वांचलीं.

दुसरी एक गोष्टहि त्या दिवशीं दिसून आली. जे बाहेर पडूं शकले नाहींत ते सगळेच मेले नाहींत. अग्निशामक दलाच्या लोकांनीं रस्ते बंद झाल्यावर माणसांना दुकानांपुढील गाड्या उभ्या करण्याच्या डांबरी मैदानांत गोळा केलें, आणि आग भोंवतालून जाईपर्यंत तेथेंच थांबवून ठेवलें. जेथें जळण्यासारखें कांहीं नाहीं तेथें ज्वाळेला पाऊल ठेवतां येत नाहीं, हें साधें तत्त्व. अशा मोकळ्या जागांनीं शेंकडों प्राण वांचविले. म्हणून कोठेंहि राहावयास गेलों असतां, घरापासून चालत जातां येईल अशी झाडेंझुडपें नसलेली, विस्तीर्ण, फरसबंदीची जागा कोठें आहे, हें पाहून ठेवणें शहाणपणाचें होय. ही जागा शेवटचा आसरा. पहिला उपाय नव्हे.

पांच वर्षांनंतर ८ ऑगस्ट २०२३ रोजीं हवाई बेटांपैकीं माउई बेटावरील लाहैना हें गांव जळालें. एकेकाळीं ही हवाईच्या राज्याची राजधानी होती. येथेंहि वारा, वाळलेलें गवत आणि तुटलेल्या विजेच्या तारा. सकाळीं लागलेली आग विझली असें समजून बंब परतले. दुपारीं तीच पुन्हां उफाळली, आणि वाऱ्याबरोबर उतारावरून थेट समुद्रापर्यंत गेली. १०२ माणसें गेलीं. त्यांतहि बहुतेक साठीच्या पुढचीं. रस्त्यांवर विजेचे खांब आडवे पडलेले, गाड्यांच्या रांगा थिजलेल्या. कित्येकांनीं किनाऱ्यावरील भिंतीवरून समुद्रांत उड्या घेऊन जीव वांचविला. त्या बेटावर मोठमोठे भोंगे आहेत. परंतु त्या दिवशीं ते वाजलेच नाहींत. संबंधित अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, भोंगा म्हणजे समुद्राची लाट, असा लोकांचा समज. भोंगा ऐकून ते डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच तोंडीं, धांवले असते. या उत्तरावर पुष्कळ टीका झाली व त्या अधिकाऱ्यानें कांहीं दिवसांतच पद सोडलें. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. पण त्यांतून निघणारा बोध प्रत्येक घरानें घ्यावा: ज्या खुणेचा अर्थ आधीं ठरलेला नाहीं ती खूण ऐन वेळीं निरुपयोगी. लाहैनाच्या चौकांत १८७३ सालीं हिंदुस्थानांतून आणून लावलेला एक वड आहे. दीडशें वर्षांत त्याच्या पारंब्यांचे खोड झालेले. तो होरपळला, परंतु कांहीं आठवड्यांतच त्याला पुन्हां पालवी फुटली. त्याच्या सावलींत वाढलेलें गांव मात्र एका दुपारींत गेलें.

तिसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. ७ जानेवारी २०२५ रोजीं लॉस एंजिलिस शहराच्या लगत डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या आल्टाडीना या वस्तीवर संध्याकाळीं सहा वाजल्यानंतर आग उतरली. पूर्वेकडील भागास घर सोडण्याची आज्ञा त्याच संध्याकाळीं मिळाली. पश्चिमेकडील भागास ती पहांटे तीन वाजून गेल्यावर मिळाली. तोंपर्यंत तेथें घरें पेटलीं होतीं. या आगींत गेलेल्या १९ जणांपैकीं जवळजवळ सर्व पश्चिम भागांतील होते. त्याच दिवशीं पॅसिफिक पॅलिसेड्स या श्रीमंत वस्तींत रस्ता इतका तुंबला कीं, लोक गाड्या टाकून पायीं निघाले, आणि त्या बेवारशी गाड्या बुलडोझरनें बाजूस लोटून बंबांना वाट करावी लागली. अमेरिकेसारख्या साधनसंपन्न देशांत, विमानें, बंब आणि यंत्रें हाताशीं असतां, हें घडलें. तेव्हां आज्ञा येईल मग निघूं, हा विचार कितीहि शिस्तीचा दिसला तरी त्यावर विसंबून राहतां येत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

याच्या उलट बाजूचीं उदाहरणेंहि आहेत, आणि तीं धीर देणारीं आहेत. ३ मे २०१६ रोजीं कॅनडांतील फोर्ट मॅकमरी हें सबंध शहर वणव्यामुळें रिकामें करावें लागलें. सुमारें ८८ हजार माणसें; दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता एकच. दोन्ही बाजूंस झाडें पेटलेलीं, आणि मधून गाड्यांची रांग. सुमारें २,४०० इमारती जळाल्या. परंतु ज्वाळांत एकहि मनुष्य गेलें नाहीं. पळतांना झालेल्या मोटारींच्या अपघातांत मात्र दोघांचा अंत झाला. ३० डिसेंबर २०२१ रोजीं कोलोराडो संस्थानांत सुपीरियर व लुईव्हिल या गांवांतील हजारावर घरें एका दिवसांत जळालीं, तीस हजारांहून अधिक लोकांनीं कांहीं तासांत घरें सोडलीं, मृत्यु दोन. दोन्ही ठिकाणीं आग दिवसाढवळ्या आली हें नशीब खरें. पण माणसें निघालीं, हें नशीब नव्हे. घरें गेलीं, कुटुंबें राहिलीं.

या सर्व वृत्तांतांतून आम्हीं एकच सूत्र काढलें आहे: घराचा वेग म्हणजे घरांतील सर्वांत मंद माणसाचा वेग. ज्या घरांत सगळीं तरुण, धडधाकट माणसें आहेत त्या घराची निघण्याची वेळ वेगळी. ज्या घरांत ऐंशी वर्षांची आजी आहे त्या घराची वेगळी. कॅलिफोर्निया सरकारनें या बाबतींत दोन शब्द ठरविले आहेत. पहिला इशारा, दुसरी आज्ञा. आज्ञा आली कीं सर्वांनीं तत्काळ निघावयाचें. परंतु ज्यांना निघण्यास वेळ लागतो, म्हणजे वृद्ध, आजारी, लेकुरवाळीं माणसें व पाळीव जनावरें असलेलीं घरें, त्यांनीं इशाऱ्यासरशींच निघावें, असें सरकारच सांगतें. तेव्हां आईबाप घरीं राहावयास आले असतील त्या दिवसांत मुलानें व सुनेनें 'आज्ञा' हा शब्द विसरून जावा. त्यांच्या घरापुरता इशारा हीच आज्ञा. आणि इशारा न येतां धूर जवळ दिसूं लागला, तर धूर हाच इशारा.

येथें आपल्या कुटुंबपद्धतींतील एका नाजूक गोष्टीस हात घालणें प्राप्त आहे. संकट आलें म्हणजे आपल्याकडील वडील माणसांच्या तोंडीं एक वाक्य हमखास येतें: "तुम्ही व्हा पुढें, आम्ही येतों मागून." हें वाक्य मायेचें आहे. आपल्यामुळें लेकरांना उशीर नको, हा त्याचा भाव. पण वणव्याच्या प्रसंगीं त्याचा परिणाम उलटा होतो. मुलें पुढें होत नाहींत. तीं विनवण्या करीत दारांत उभीं राहतात, आणि वादांत घटका जाते. सून तर बोलूंच शकत नाहीं. सासऱ्यांस "उठा" असें दरडावून कसें म्हणावें? ज्या मर्यादेनें घर एरव्हीं शोभतें तीच मर्यादा अशा वेळीं पायांत अडकते. यावर उपाय एकच, आणि तो घरांतील कर्त्या वडील माणसांच्याच हातीं आहे. त्यांनीं शांत दिवशीं, जेवणें झाल्यावर, सर्वांसमक्ष सांगून ठेवावें कीं, अशा प्रसंगीं अमुक एकाचा शब्द मी मानीन. मग तो मुलाचा असो, सुनेचा असो कीं पंधरा वर्षांच्या नातीचा असो. असा अधिकार वडिलांनींच दिला म्हणजे तो वापरण्यांत कोणाचा अवमान होत नाहीं. आणि आमचें वडील वाचकांस हात जोडून सांगणें आहे: घर राखण्यासाठीं मागें राहणें हा त्याग नव्हे. आपण मागें राहिल्यानें घर वांचत नाहीं, आणि आपल्यासाठीं मुलगा परत फिरतो.

तो परत फिरूं मात्र शकत नाहीं, हीहि गोष्ट समजून घ्यावी. आग लागलेल्या भागाकडे जाणारे रस्ते पोलीस बंद करितात. कामावर गेलेला मुलगा वीस मैलांवरून आईबापांस न्यावयास येईल, ही योजना योजनाच नव्हे. म्हणून आईबाप पोंचतील त्या पहिल्याच आठवड्यांत शेजारच्या दोन घरांशीं त्यांची ओळख करून द्यावी, आणि स्पष्ट शब्दांत विचारून ठेवावें: प्रसंग आला तर यांना आपल्या गाडींत घ्याल का? असें विचारण्यांत संकोच वाटतो, हें आम्ही जाणतों. पण आजीनें केलेल्या लाडवांची एक थाळी हातीं देऊन हा प्रश्न विचारला, तर तो संकोच पुष्कळ कमी होतो. शेजारधर्म ही वस्तु त्या देशांतहि आहे. फक्त तेथें ती मागून घ्यावी लागते.

आतां कांहीं बारीकसारीक गोष्टी. बारीक असल्या तरी प्राणांच्या. तेथील सरकारी सूचना आपल्या फोनवर याव्यात म्हणून आईबापांसाठींहि स्थानिक क्रमांक घ्यावा व तो नोंदवून ठेवावा. पुण्याच्या क्रमांकावर विसंबूं नये. रात्रीं तो फोन मुका करून ठेवूं नये. गाडीखान्याचें दार तेथें विजेवर उघडतें. २०१७ सालच्या वणव्यांत वीज गेली, दार उघडेना, आणि त्या कारणानें कांहीं वृद्ध माणसें प्राणांस मुकलीं. पुढें नव्या यंत्रांस बॅटरी असलीच पाहिजे, असा कायदा करावा लागला. जुनें यंत्र असेल तेथें लाल मुठीची दोरी ओढून दार हातानें उचलावें लागतें. ती दोरी आजोबांस दाखवावी, एकदां ओढावयास लावावी, आणि दार त्यांच्यानें उचलत नसेल तर तें आजच कळूं द्यावें.

नेसूं-पांघरण्याविषयीं आमच्या भगिनींस विशेष सांगावयाचें आहे. कृत्रिम धाग्याचें पातळ अशा वेळीं अंगावर असूं नये. तें उष्णतेनें वितळून कातडीस चिकटतें. सुती किंवा लोंकरी कपडा, लांब बाह्या, आणि पायांत बंद जोडा. घरांतल्या सपाता नव्हेत. सामानाची एक लहान पिशवी दाराजवळ कायमची भरलेली असावी: पंधरा दिवसांचीं औषधें व त्यांची यादी, जास्तीचा चष्मा, कानाचें यंत्र व त्याच्या बॅटऱ्या, पारपत्र, पाण्याची बाटली. देवांविषयीं कित्येक आज्यांच्या मनांत हुरहूर असते, म्हणून लिहितों. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळिग्राम एका लहानशा डबींत मावतात. ती डबी देवघरांतच हातासरशी ठेवावी, आणि तिच्यासाठीं म्हणून मागें फिरावयाचें नाहीं, हें आधींच ठरवावें. जो देव आपल्याला जपतो म्हणून आपण त्याची पूजा करितों, तो आपल्यासाठीं जळत्या घरांत परत या असें म्हणणार नाहीं.

घरांत तीन गाड्या असल्या तरी शक्य तर एकाच गाडींतून जावें. प्रत्येक जादा गाडी ही त्या चिंचोळ्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी आजीची वाट अडविते. निघतांना माणसें मोजावीं, आणि गांवाबाहेर कोठें भेटावयाचें तें ठिकाण आधीं ठरलेलें असावें, म्हणजे एकमेकांस शोधण्यासाठीं कोणी परत फिरणार नाहीं. वाटेंत आगीनें गांठलेंच, तर गाडी झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्या जागेंत उभी करावी, काचा बंद ठेवाव्या, खालीं वांकून लोंकरी घोंगडी अंगावर घ्यावी, आणि ज्वाळांचा लोट जाईपर्यंत थांबावें.

कोणी म्हणेल, इतकें सारें करून आग आलीच नाहीं, तर? तर उत्तमच. इशारा आला, आपण निघालों, दुसऱ्या गांवीं एक रात्र अवघडून काढली, आणि सकाळीं परत येऊन पाहतों तों घर जसेंच्या तसें, अशी पाळी तीन वेळां येईल. आणि चौथ्या वेळीं घरांतील सगळीं कंटाळून म्हणतील कीं, उगाच कशाला जावयाचें? त्या चौथ्या वेळेसाठींच हें लिहिणें आहे. विनाकारण झालेल्या तीन प्रवासांस व्यर्थ खर्च समजूं नये. घरीं परत येतां आलें, याचाच अर्थ तो प्रवास सफल झाला.

वणव्याला थोपविण्याचें सामर्थ्य कुटुंबाच्या अंगीं नाहीं. तें काम सरकारचें, शास्त्रज्ञांचें आणि वीज-कंपन्यांचें. परंतु कोणीं कोणाचा हात धरावयाचा, कोणाच्या शब्दावर उठावयाचें, आणि सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला दारांतून सर्वांत आधीं कसें बाहेर काढावयाचें, हें ठरविणें सर्वस्वीं कुटुंबाचें काम आहे. ज्या वाचकांचीं मुलें त्या देशांत आहेत त्यांनीं येत्या रविवारच्या फोनवर हवापाण्याच्या चौकशीबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावे: इशारा कोठून कळेल? शेजारीं कोण आहे? दार हातानें उघडतें का? आणि निघा म्हणण्याचा अधिकार कोणाचा? उत्तरें आलीं तर निश्चिंत व्हावें. न आलीं, तर पुढच्या रविवारीं पुन्हां विचारावें.